लग्नपत्रिका, व्हॉट्सॲप आणि माझा पहिला वेबटेक्स्ट

ऑगस्ट २०२५ मध्ये माझा पहिला वेबटेक्स्ट प्रकाशित झाला. कल्पना सुचली तेव्हापासून अडीच वर्षं गेली. अमेरिकेत 'ऱ्हेटरिक अँड कॉम्पोझिशन', म्हणजे वक्तृत्वशास्त्र आणि लेखनशिक्षण, या शाखेत पीएचडी करायला येणारी मराठी मुलं-मुली थोडीच असतात, आणि त्यातली बरीचशी माझ्यासारखी इंग्रजी साहित्यात एमए करून आलेली असतात. या शाखेत संशोधन कसं छापून येतं, शिकवणं आणि लिहिणं एकमेकांत कसं मिसळतं, आणि आपलं साहित्य देवनागरीत असलं तर काय काय करावं लागतं, हे मला कुठे एकत्र वाचायला मिळालं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी वेबटेक्स्ट म्हणजे काय ते सांगते. पीडीएफ करून ऑनलाइन चढवलेला लेख म्हणजे वेबटेक्स्ट नाही. तो मुळात ब्राउझरमध्ये वाचण्यासाठीच रचलेला असतो. पानाची मांडणी, दुवे, चित्रं, ध्वनिफिती, वाचकाने पुढे कुठल्या वाटेने जायचं याची मुभा, हे सगळं लेखाच्या युक्तिवादाचा भाग असतं, त्यामुळे परीक्षक मजकुराइतकंच मांडणीकडेही बघतात. 'कैरोस' हे या प्रकारचं सर्वांत जुनं नियतकालिक १९९६ पासून निघतं आहे आणि वाचायला पूर्ण मोफत आहे. या वाटेला जायचं असेल तर आधी त्याचे जुने अंक उघडून बघा. नव्वदच्या दशकातली पानं आणि आत्ताची पानं शेजारी ठेवली की हे क्षेत्र कसं बदलत गेलं ते दिसतं.

माझी सुरुवात वर्गात झाली. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना इथे शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होते आणि पगार मिळतो. माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांचा लेखनाचा वर्ग होता. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत हा वर्ग सगळ्यांना घ्यावाच लागतो, मग मूल अभियांत्रिकीचं असो की नर्सिंगचं. लेखनशिक्षकांच्या सीसीसीसी या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे की अशा वर्गात वीसच्या वर मुलं असू नयेत, पंधरा असतील तर उत्तम. पुण्यात मी ज्या वर्गांत शिकले तिथे मागच्या बाकांपर्यंत सरांचा आवाज पोचायचा नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाचा मसुदा तीन-तीनदा वाचून त्याच्याशी बोलता येतं, हेच मला सुरुवातीला मोठं अप्रूप होतं.

२०२३ च्या जानेवारीत सत्र सुरू झालं तेव्हा चॅटजीपीटी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सगळा विभाग गोंधळलेला होता. एमएलए (भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संघटना) आणि सीसीसीसी यांच्या संयुक्त गटाचा एआयविषयीचा पहिला कार्यनिबंध त्या जुलैत आला; तोवर प्रत्येक शिक्षक आपापल्या अंदाजाने चालला होता. मला एक असं लेखन द्यायचं होतं जे मुलांच्या स्वतःच्या घरातून येईल. मी सांगितलं, घरात आलेलं किंवा घरातून गेलेलं एक निमंत्रण आणा, आणि ते समोरच्याला यायला कसं भाग पाडतं ते उलगडून लिहा. मुलांनी पदवीदान समारंभाची कार्डं आणली, एकीने तिच्या किन्सेन्येराचं, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याचं निमंत्रण आणलं, एकाने आजोबांच्या अंत्यविधीची घडीपत्रिका आणली. नमुना म्हणून मी माझ्या चुलतभावाची लग्नपत्रिका आणि त्याच लग्नाचा व्हॉट्सॲपवर फिरलेला संदेश दाखवला.

पत्रिकेवर सगळ्यात वर गणपती, कुलदैवतांची नावं, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', मग चि. आणि चि. सौ. कां., खाली 'आपले विनीत' म्हणून नावांची लांब रांग, आणि कोपऱ्यात बाळगोपाळांची ओळ, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' व्हॉट्सॲपच्या संदेशात यातलं बरंच गळलं होतं. एक ओळ मात्र नव्याने आली होती: 'प्रत्यक्ष येऊन निमंत्रण देणे शक्य न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' वर्गातल्या एका मुलीने विचारलं, आमच्या कार्डावर येणार की नाही ते कळवा असं लिहितात, तुमच्याकडे ते का नाही? त्या प्रश्नावर पूर्ण तास गेला. आमच्याकडे निमंत्रण देणाऱ्याने घरी यायचं असतं, अक्षता द्यायच्या असतात, आग्रह करायचा असतो. तो देहाने करायचा आग्रह फोनच्या पडद्यावर शब्दांना कसा पेलायला लागतो, हा माझा विषय त्या तासात ठरला.

इथे शिकवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वर्गातल्या मुलांचं काम संशोधनात वापरायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी लागते. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय गुण आपल्याच हातात असतात, त्यामुळे मूल 'नाही' म्हणायला कचरतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी सुचवलं की गुण जाहीर झाल्यावरच परवानगी माग, आणि तीही दुसऱ्या कुणाकडून मागव. मी तसंच केलं. काही मुलांनी होकार दिला, काहींनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणाऱ्यांचं काम मी बाजूला ठेवलं.

उन्हाळ्यात निमंत्रणांबद्दल घरच्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, त्यासाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची मंजुरी हवी होती. अर्जाच्या आधी सिटी नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते सलग न करता दोन-तीन बैठकांत करा, प्रश्न नीट वाचावे लागतात. माझा अर्ज 'एक्झेम्प्ट' प्रकारात बसेल असं कार्यालयाने सांगितलं होतं. त्याचा अर्थ अर्जच नको असा होत नाही. पूर्ण समितीपुढे जावं लागत नाही इतकंच. तरी अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा विचारलं, संमतिपत्रक मराठीत आहे, भाषांतर बरोबर आहे हे कोण सांगणार? मराठी उत्तम येणाऱ्या, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका प्राध्यापकांकडून तसं पत्र घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं, सह्या का घेत नाही? नाशिकच्या माझ्या आत्याने फोनवरच सांगितलं होतं, "अगं, मी बोलतेय ना तुझ्याशी, मग सही कशाला? कोर्टकचेरी आहे का?" घरातल्या मोठ्या माणसांना सही म्हटलं की जमिनीचे कागद आठवतात. मी अर्जात हे कारण सविस्तर लिहिलं आणि तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची सूट मागितली. ती मिळाली. सगळं धरून दीड महिना गेला. भारतात जाऊन मुलाखती घ्यायच्या असतील तर तिकीट काढायच्या कितीतरी आधी हा अर्ज टाका.

पत्रिका गोळा करणं सोपं होतं, प्रत्येक घरात खणभर असतात. त्या प्रकाशित करणं अवघड. पत्रिकेवर डझनभर माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर असतात, आणि त्यांतल्या एकदोघांनी होकार दिला म्हणून बाकीच्यांचा झाला असं होत नाही. वर नक्षी आणि गणपतीचं चित्र छापखान्याच्या संग्रहातलं, त्याचा हक्क कुणाकडे आहे ते छापखान्यालाही ठाऊक नसतं. अमेरिकेत 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराच्या मुभेचा, आधार घेता येतो, पण मी दुसरा मार्ग धरला. नाशिकच्या एका कलाविद्यार्थिनीकडून पत्रिकांच्या मांडणीवरून नव्याने चित्रं काढून घेतली, नावं बदलली, फोन नंबर काढले. सहा हजार रुपये दिले. विभागाच्या छोट्या अनुदानातून ते निघाले. निमंत्रणाच्या व्हिडिओंत चित्रपटगीतं होती. ती वापरता येणार नव्हती, म्हणून गाणं कुठे सुरू होतं, कुठल्या ओळीवर नवरानवरीचे फोटो येतात, याचं मी शब्दांत वर्णन केलं. हे वर्णन लिहिताना मला त्या व्हिडिओंबद्दल जे कळलं ते नुसतं बघून कळलं नसतं.

सप्टेंबरमध्ये वेबटेक्स्ट छापणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादकांना एक पानाची चौकशीची मेल टाकली. हे जरूर करा. विषय, साधारण मांडणी, कुठली साधनं वापरणार, आणि माझ्या बाबतीत, मूळ मजकूर देवनागरीत राहणार, हे सगळं आधीच लिहिलं. आठवड्याभरात उत्तर आलं: देवनागरी ठेवा, पण चित्र म्हणून नको, मजकूर म्हणून हवी.

या एका वाक्याने पुढचे चार महिने ठरवले. मी या भागावर जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे लागेल. देवनागरी चित्र म्हणून टाकली की दिसते छान, पण शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि अंध वाचकासाठी तिथे काहीच नसतं. मजकूर म्हणून टाकली तर फाँट सोबत द्यावा लागतो. 'नोटो' आणि 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हे दोन्ही फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, पैसे पडत नाहीत, नियतकालिकाच्या सर्व्हरवर ठेवता येतात. इंग्रजी पानासाठी दिलेलं अक्षरांमधलं वाढीव अंतर देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. तिरपा ठसा देऊ नका, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकडं करतो.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक मराठी तुकड्याला 'ही भाषा मराठी' अशी खूण कोडमध्ये द्या. त्याने दोन गोष्टी होतात. काही फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी साठवलेली असतात. खूण नसेल तर हिंदी वळणं दिसतात. आणि पडदावाचक सॉफ्टवेअरला भाषा बदलल्याचं कळतं. मी एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक उतरवून तपासलं. खुणेविना तो माझ्या 'आग्रहाचे निमंत्रण'वर अडखळत होता. खूण दिल्यावर मराठी आवाजाने वाचायला लागला. आवाज यांत्रिक आहे, पण शब्द कळतात. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

सिंथिया सेल्फ आणि रिचर्ड सेल्फ यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं की संगणकाचा पडदा तटस्थ नसतो, तो इंग्रजी आणि कार्यालयीन जग गृहीत धरून बनलेला असतो. हा लेख मी अभ्यासक्रमात वाचला होता. शिरोरेषा जोडताना तो परत वाचला.

जानेवारी २०२४ मध्ये सगळं एका फोल्डरमध्ये बांधून पाठवलं. फाइलींची नावं छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही. व्हिडिओ बाहेरच्या संकेतस्थळावर ठेवून जोडायचे नाहीत, फोल्डरमध्येच द्यायचे, कारण बाहेरचे दुवे मरतात. अडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे वेबपानावर हलती चित्रं दाखवणारं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा या क्षेत्रातले कितीतरी जुने वेबटेक्स्ट उघडेनासे झाले, त्यामुळे साध्या एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानांच्या मूळ भाषेचा, आग्रह आता सगळीकडे आहे. लेख पाठवायला किंवा छापायला शुल्क नाही, एक डॉलरही नाही. भारतातल्या मैत्रिणींना हे खरं वाटत नाही, कारण त्यांच्या मेलमध्ये 'आठ दिवसांत प्रकाशन' म्हणत पैसे मागणारी पत्रं रोज येतात.

मग वाट बघणं. परीक्षणाची पद्धत साधारण 'कैरोस'सारखीच होती: आधी संपादक बघतात, मग संपादक मंडळातले काही जण लेख वाचून एकत्र चर्चा करतात, आणि स्वीकारण्याजोगा वाटला तर एक संपादक लेखकाबरोबर बसून सुधारणा करवून घेतो. माझा आवाज आणि माझ्या घरच्यांचे आवाज लेखात होते, त्यामुळे नाव झाकणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये स्पोकेनला सीसीसीसीचं अधिवेशन होतं, तिथे याच विषयावर बोलले. विभागाची मदत वजा जाता विमान आणि दोघींत मिळून घेतलेली खोली धरून माझे सुमारे सहाशे डॉलर गेले. पगाराच्या मानाने ते जड होते. पण श्रोत्यांतल्या एका तमिळ प्राध्यापिकेने त्यांच्याकडच्या पत्रिकांबद्दल जे सांगितलं त्यातून माझा एक पूर्ण विभाग नंतर उभा राहिला.

मे महिन्यात उत्तर आलं: सुधारून पुन्हा पाठवा. पत्र लांब होतं. पहिल्या वाचनात फक्त उणिवा दिसल्या आणि पोटात खड्डा पडला. दोन दिवस ते बंद ठेवलं, मग छापून घेऊन हाताने खुणा केल्या. 'सुधारून पाठवा' हा नकार नसतो. लेखावर इतकी माणसं एवढा वेळ देतात याचा अर्थ त्यांना तो हवा आहे, हे मार्गदर्शक बाईंनी सांगेपर्यंत मला पटत नव्हतं.

दोन परीक्षक एकमेकांविरुद्ध बोलत होते. एकाला प्रत्येक मराठी ओळीच्या आधी इंग्रजी हवं होतं, दुसऱ्याला देवनागरी आहे तशीच पुढे हवी होती. मी मराठी ओळ पुढे ठेवली आणि तिच्या शेजारी एक छोटं बटण दिलं. दाबलं की इंग्रजी उघडतं. माउस नुसता वर नेला की उघडणारी सोय टाळली, कारण कळफलकावरून वाचणाऱ्याला ती मिळत नाही.

तिसऱ्या परीक्षकाचा प्रश्न सगळ्यात मोलाचा होता. या पत्रिका कुणाच्या आहेत? महाराष्ट्रातल्या सगळ्यांच्या घरी अशीच पत्रिका छापतात का? अर्थातच नाही. त्या उन्हाळ्यात मी पुन्हा मुलाखती घेतल्या. बौद्ध कुटुंबांच्या पत्रिकांवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, 'मंगल परिणय' असतो, आणि व्हॉट्सॲपच्या संदेशाची सुरुवात 'जय भीम'ने होते. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, त्या पद्धतीने आजही लागणाऱ्या लग्नाची एक पत्रिका मिळाली. कोल्हापूरच्या एका मुस्लिम कुटुंबाने मराठी आणि उर्दू शेजारी छापली होती. आग्रह सगळीकडे होता, पण तो कुणाच्या नावाने करायचा हे प्रत्येक घराने वेगळं ठरवलं होतं. लेखाचा कणा खरं तर इथे तयार झाला. या नव्या मुलाखतींसाठी आयआरबीकडे दुरुस्तीचा अर्ज टाकावा लागला. तो पंधरवड्यात मंजूर झाला.

नोव्हेंबरमध्ये सुधारित लेख पाठवताना सोबत उत्तराचा तक्ता जोडला. एका रकान्यात परीक्षकाचा मुद्दा, दुसऱ्यात मी काय केलं, तिसऱ्यात ते कुठे सापडेल. जिथे मी सूचना मानली नाही तिथे कारण दोन वाक्यांत. हा तक्ता करायला मला आठवडा लागला आणि संपादकांनी त्याचं वेगळं कौतुक कळवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वीकृती आली. मी वर्गात होते, फोन उलटा ठेवला होता. संध्याकाळी बघितलं आणि आधी आत्याला फोन केला. तिकडे पहाट होती.

स्वीकृतीनंतरही काम बरंच असतं. प्रत्येक चित्राचं शब्दवर्णन, प्रत्येक ध्वनिफितीचा लेखी उतारा, व्हिडिओंना उपशीर्षकं. मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं आपोआप उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरला झेपलं नाही, सगळं हाताने केलं. पार्श्वभूमी आणि अक्षरांच्या रंगातला फरक किमान साडेचारास एक हवा. हळदी-कुंकवाच्या रंगांत तो बसवताना तीनदा छटा बदलल्या. अमेरिकेच्या न्याय विभागाने एप्रिल २०२४ मध्ये सरकारी संस्थांच्या संकेतस्थळांसाठी सुगम्यतेचे, म्हणजे अपंग वाचकांनाही ती वापरता यावीत यासाठीचे, नियम काढले, त्यात सरकारी विद्यापीठंही येतात. म्हणजे वर्गात पानं बनवायला शिकवतानाही आता हे सगळं शिकवावं लागतं. मी माझ्या मुलांना गुण देताना पान किती चकचकीत आहे ते बघत नाही. त्यांनी सोबत लिहिलेल्या टिपणात प्रत्येक निवडीचं कारण दिलं आहे का, आणि कुणाला वगळलं गेलं का, ते बघते.

संपादनात एक छोटी मागणी मी केली. शैलीनुसार इंग्रजीखेरीजचे शब्द तिरपे छापायचे होते. 'आग्रह' हा शब्द लेखभर येतो आणि तो पाहुण्यासारखा वेगळा उभा राहू नये असं मी लिहिलं. संपादकांनी मान्य केलं. मागून बघावं, मिळतं.

महाराष्ट्रात शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणी आता विचारतात, हा लेख तिकडे नोकरी-बढतीसाठी धरला जाईल का? यूजीसीने २०१८ मध्ये सुरू केलेली मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली. त्यामुळे पुरावा आपणच जमवून ठेवावा: परीक्षण कसं होतं ते सांगणारं पान, संपादक मंडळ, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक), आणि सगळी निर्णयपत्रं तारखांसह. 'किती पानांचा आहे' या प्रश्नाला वेबटेक्स्टकडे उत्तर नसतं. एमएलएने डिजिटल कामाच्या मूल्यमापनासाठी काढलेली मार्गदर्शक सूत्रं २०१२ मध्ये सुधारली आहेत; अर्जाला ती जोडली की निवड समितीला निदान बोलायला आधार मिळतो. पूर्ण फोल्डरची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि पान प्रकाशित झालं त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्ह या वेबपानांच्या संग्रहात जतन करा.

मराठी संमतिपत्रकाचा मसुदा, तोंडी संमतीसाठी वाचून दाखवायचा मजकूर आणि परीक्षकांना द्यायच्या उत्तराचा रिकामा तक्ता, हे तिन्ही मी कुणालाही द्यायला तयार आहे. वापरताना नैतिकता समितीचा क्रमांक आणि संपर्क तुमचा घाला. आणि मराठी मजकूर आधी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना जिथे पुन्हा विचारावं लागेल ते वाक्य बदला.